तोटीपासून लांब बसलेली माणसं

५ मार्च १९८३
चंद्रा, लिहायला फार उशीर झाला, बापावर रागावू नको. या घरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी तू वही हातात दिलीस. म्हणालीस, आबा, रोज लिहा आणि शनिवारी माझ्या शाळेच्या गावावरून जाणाऱ्या पेठच्या एस.टी.त कंडक्टरकडे पानं देत जा. पण चौथी शिकलेला हात, लवकर वळत नाही. शिवाय मोटर बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आज बसली. गोटीराम फिटर सकाळीच आला. विहिरीत सोडलेल्या पाईपात आधी वरून पाणी भरावं लागतं, त्याशिवाय मोटर ओढत नाही. म्हणाला, बाबा, ही सासू हाय, आधी हिला पाजा मग ती तुम्हाला पाजंल. मी विचारलं, शॉक बसेल का? तर म्हणे, तुम्हाला बघून लाईटच घाबरली हाय. बटण दाबलं. पाईप थरथरला आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी कोसळायला लागलं. अंगणातली तोटी मी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेजारची सुलाबाई कुंपणावरून हसली, म्हणाली, बाबा, झिजंल ती.

तिला काय सांगू? आपल्या गावी विहिरीला हात लावायची आपल्याला बंदी. तुझी आई घागर घेऊन लांब बसायची. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. कधीकधी ऊन उतरायचं तरी घागर कोरडीच. आज ती असती तर पहिली तोटी तिनं उघडली असती.

९ मार्च
टाकीच्या बुडाशी ओल दिसते. सिमेंट कच्चं राहिलं की काय, याच काळजीत होतो. दुपारी खाली आलो तर अंगणात भिंतीला टेकून तीन माणसं बसलेली. वाटलं, रस्त्याच्या कामावरचे मजूर असतील. म्हटलं, तोटी उघडा, पोटभर प्या. कोणी उठेना. एकानं नुसती ओंजळ पुढे केली. मी लोट्यानं वरून ओतलं. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं, पण खालची फरशी कोरडी. लोटा ठेवून वळलो तर तिघंही नाहीत.

सुलाबाई दारातच गहू निवडत होती. म्हणाली, कुणी आलं नाही, बाबा. ऊन लागलं तुम्हाला.

१४ मार्च
भुतंखेतं आपण मानत नाही. देव सोडले तेव्हाच तीही सोडली. म्हणून हे तुलाच लिहितो, कुणाला सांगू नको. ती भर दुपारीच येतात. आज सावळीराम चुलत्यांना ओळखलं. मी लहान असताना ते पटकीनं गेले. पाणी पाणी करत गेले. आज घटाघटा प्याले.

जो पितो तो पुन्हा येत नाही, हे आता लक्षात आलंय.

२० मार्च
तुझी आई आली.

सगळ्यांच्या मागे बसली होती, तेच ठिगळाचं हिरवं लुगडं. मी म्हणालो, शकू, हे आपलं घर आहे. आपल्या चंद्रानं पगारातून घेतलंय. ऊठ, तोटी उघड. तिनं तोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओंजळ धरली. स्वतःच्या घरात, चंद्रा. मी ओतलं. धार बारीक करत राहिलो, कारण संपली की ती जाणार. पदरानं तोंड पुसलं, आणि भिंतीपाशी काही नव्हतं.

उद्या मी अंगणातच बसणार.

२१ मार्च
आली नाही.

२६ मार्च
कंडक्टरनं तुझी चिठ्ठी दिली. शाळेच्या गावची विहीर तळाला गेली, बाया दोर धरून आत उतरतात, मीही उतरते, काळजी करू नका, असं लिहिलंस. असं लिहून का काळजी जाते? शाळा सोडून ये. इथं तोटी आहे.

२ एप्रिल
शनिवार. कंडक्टर रिकाम्या हातानं आला. म्हणाला, बाई थांब्यावर नव्हत्या.

४ एप्रिल
दुपारी भिंतीपाशी एकच बसलेली. पाठमोरी. पातळ ओलं, कडेला शेवाळ. मी दार लावून घेतलं.

५ एप्रिल
अजून बसली आहे. उजव्या मनगटावर घड्याळ. बायका डाव्या हातात बांधतात ना? तू मात्र — नाही. पुष्कळ जणी बांधत असतील उजव्या हातात.

सुलाबाईच्या मालकांच्या हातापाया पडलो. ओझरच्या कारखान्यात सुट्टी टाकून ते तुझी खबर काढायला पेठच्या गाडीनं गेलेत. अजून परतले नाहीत.

६ एप्रिल
तोंड फिरवत नाही. पाठीमागे हात करून ओंजळ धरली आहे. मी ओतणार नाही. ओतलं की —

पण तहान लागली आहे तिला. ओंजळ खाली घेत नाही. मी बाप आहे, कसं बघू?

सुलाबाईनं लोटा काढून घेतला, मी परत आणला. चंद्रा, तू शाळेत आहेस. फळ्याजवळ उभी आहेस. दोनच ओळी लिही, बरी आहेस म्हणून. कंडक्टरकडे दे, कुणाकडेही दे, पण लवकर कळव, पोरी, लवकर — ती आता मान वळव