उल्हास नदीतला तो टप्पा

मंगळवार, २० ऑगस्ट १९५७, दादर

आज परळच्या इस्पितळात वसंताला भेटून आलो. उजवा खांदा मोडलाय. डॉक्टर म्हणतात, हात पूर्वीसारखा वर जाणार नाही.

वरळीच्या हिराकाका कोळ्यांनी आम्हा दोघांना होडी वल्हवायला शिकवलं, तेव्हाच सांगितलं होतं, पाणी तीन तऱ्हेचं. पहिलं पाणी चुका माफ करतं, दुसरं एकच चूक माफ करतं, आणि तिसऱ्यात होडी घालायचीच नाही, खांद्यावर घेऊन काठाने चालायचं. रविवारी कर्जतजवळ उल्हास नदीला पूर होता. पुढे चालत जाऊन पाणी बघायचं काम माझं. खडकाखाली फेस उलटा, वरच्या अंगाला फिरत होता. म्हणजे तिसरंच. मला कळलं होतं.

"काय रे सदू, जमेल?" वसंता ओरडला.

गेल्या खेपेला तो मला भित्रा म्हणाला होता, तेच डोक्यात.

"दुसरं आहे, ये!"

त्या उलट्या फेसात त्याची होडी आडवी झाली, तो खडकावर आपटला. गावकऱ्यांनी ओढून काढला. माझी होडी मी काठावरच ठेवली होती. मग कोणत्या तोंडाने 'ये' म्हणालो?

आज त्याची बायको कुसुम चिडून म्हणाली, "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हात मोडला असता तर लोकांनी हार तरी घातले असते!"

वसंता म्हणाला, "सदूला बोलू नकोस हं. त्याने पाणी बरोबर सांगितलं होतं. मीच चुकलो."

कुसुमने थर्मासमधला चहा माझ्यापुढे धरला. मी चहा प्यायलो.