टॉबीची मराठी शिकवणी

चेरीताल, जबलपूर
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १८५६

सौभाग्यवती विनताताईस,

धाकट्या शरयूचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य यंदा मी नुसती रीत म्हणून लिहीत नाही, खरोखर हायसं वाटून लिहिते आहे. तुझा मुरगळलेला पाय आता कसा आहे? (ओल्या मोरीत घाईनं शिरू नकोस असं सांगणार होते, पण मोठ्या बहिणीला शिकवते म्हणशील, म्हणून सांगत नाही.) तुझ्या सासऱ्यांचा, बापूसाहेबांचा खोकला निवला असेल अशी आशा करते. त्यांना माझा सादर नमस्कार. मुलांना गोड गोड पापा.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की महालक्ष्म्या पार पडल्या की कळव, आणि त्या कुत्र्याचं काय ठरलं तेही कळव. ताई, आमच्याकडे या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत पार पडल्या. माझा जीव अजून पुरता जागेवर आलेला नाही, पण घर आता आवरून झालं, म्हणून लिहायला बसले.

तुला सुरुवातीपासून सांगायला हवं. हे ज्या रेल्वेच्या साहेबाच्या मुलाला गणित शिकवायला जात, तो साहेब उन्हाळ्यात विलायतेला परत निघाला आणि जाताना त्यानं आपल्या कुत्रीची पिल्लं ओळखीच्यांत वाटून टाकली. आमच्या वाट्याला आलं ते टॉबी. आई विलायती, लांब कानांची. बाप बहुधा आमच्याच चेरीतालातला, हलवायाच्या दुकानासमोर झोपणारा. शेजारच्या तिवारी चाचींना टॉबी म्हणता येत नाही, त्या ‘तोबा, ओ तोबा’ अशी हाक मारतात, आणि गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं की आत काहीतरी भयंकर घडलं. आमच्या सासूबाईंचं सोवळं तर तुला ठाऊक आहे. (लग्नात त्यांनी तुझ्या सासरच्या मंडळींना पाण्याच्या पिंपापासून कसं लांब ठेवलं होतं ते अजून कोणी विसरलं नसेल.) त्यांनी पहिल्याच दिवशी यांना बजावलं, “अंगणात राहून राहिला तर राहू दे. माह्या सोवळ्याच्या खोलीत पाय टाकला का त्याच दिवशी शहपुऱ्याले.” शहपुऱ्याला यांचे चुलतभाऊ भय्यासाहेब राहतात, मालगुजार. त्यांना शेतावर राखणीला कुत्रं हवंच होतं. पण तिथले कुत्रे रानडुकरांच्या मागे धावतात, आणि आमचा टॉबी घंगाळातल्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तरी माझ्या लुगड्याआड येऊन बसतो.

मला कुत्र्याची फार माया होती असं नाही. काळजी होती ती जयाची. ताई, आमची जया सात वर्षांची झाली पण घरात मराठी बोलेना. समजतं सगळं. आजी म्हणणार पाणी आण, ही म्हणणार ‘अभी लाती हूँ’. खेळायला तिवाऱ्यांची मुलं, शाळेत हिंदी, बाजारात हिंदी. तिचा तरी काय दोष? पण सासूबाईंच्या जिवाला ते लागे. एकदा मला म्हणाल्या, मी मेल्यावर हे पोरगं माह्यासाठी रडन तरी कोणत्या भाषेत? आणि वर्षाच्या सुरुवातीला गोवर होऊन गेल्यापासून जया एकूणच गप्प गप्प झाली होती, ती या पिल्लाच्या मागे पुन्हा हसायला लागली. तेव्हा टॉबी शहपुऱ्याला गेला तर काय होईल याचा विचारसुद्धा मी करत नसे.

यांनी कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात म्हणे लिहिलं होतं की पिल्लाला मारझोड करू नये, गमतीचे खेळ शिकवावेत, त्यातून त्याच्या अंगी धीर येतो आणि मनावर ताबा येतो. हे वाचून हे इतके उत्साहात आले की चहा निवून गेला, आणि निवलेला चहा दिला म्हणून माझ्यावरच चिडले. (मनावरचा ताबा हा विषय हे अजून इंग्रजीतच वाचून राहिले आहेत.) मग शिकवणी सुरू झाली. हे म्हणत ‘वेट’. जया म्हणे ‘रुको’. मी म्हणे ‘थांब’. सासूबाई लांबूनच ‘हाड’. टॉबी चौघांकडे आळीपाळीनं बघे आणि शेवटी उताणा पडून पोट दाखवी, म्हणजे चारही भाषांत त्याचं म्हणणं एकच. पुस्तकात म्हणे साफ लिहिलं होतं की हुकूम एका शब्दात आणि एकाच भाषेत हवा. कोणत्या, यावर हे आणि जया भांडू लागले, तेव्हा सासूबाई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, “माह्या घरात कुत्रं राहीन तर मराठीत राहीन. नात तर राहिली नाही.”

झालं, कुत्र्याच्या निमित्तानं जयेला मराठी बोलावं लागलं. पहिला खेळ मुठीचा. मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा. पिल्लू चाटतं, ओरबाडतं, नाकानं ढुसण्या देतं, आपण मूठ उघडायची नाही. कंटाळून ते मागे सरकलं की मूठ उघडायची आणि म्हणायचं ‘घे’. जया हे फार छान करे. हे करायला बसले की टॉबीच्या आधी यांनाच धीर धरवत नसे, हे मूठ लवकर उघडून बसत आणि मग म्हणत, पिल्लू मंद आहे. दुसरा खेळ उंबऱ्याचा. वाटी आत, टॉबी बाहेर. ‘थांब’ म्हटलं की बसायचं, ‘घे’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. आणि तिसरा, जयेनं आपल्या मनानं काढलेला, पुतळ्याचा. अंगणभर दोघं धावायची आणि जया मध्येच ‘पुतळा’ म्हणाली की दोघांनी जागच्या जागी थिजायचं. तिवारी चाची ओट्यावर बसून बघत आणि म्हणत, बहू, कुत्ता तो सीख गया, अब लल्ला को भी सिखा दो. लल्ला म्हणजे त्यांचा नातू असं मी समजत होते. नंतर कळलं की त्या यांच्याबद्दल बोलत होत्या.

एकच चूक आमच्या लक्षात उशिरा आली. ‘घे’ हा शब्द आम्ही निवडला खरा, पण मराठी माणसाच्या घरात दिवसभरात दुसरा कोणता शब्द ऐकू येतो? पोळी घे, ताक घे, रुमाल घे. मी यांना जेवताना भात घ्या म्हटलं तर टॉबी ढिम्म, पण जयेला ‘घे गं’ म्हटलं की तो अंगणातून वाटीवर झेप घेई. तेव्हा टॉबीच्या कानाला एकवचन चांगलंच कळतं एवढं आम्हाला समजलं. शब्द बदलावा असं ठरवलं, पण महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि ते राहून गेलं.

आता महापूजेच्या दिवसाचं ऐक. तुला माहीत आहेच की आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात आणि सोळा भाज्या, पुरणपोळी, वडे, आंबील, कढी असा सगळा नैवेद्य दोघींच्या पुढे दोन पानांवर वाढून, दार लावून सगळे बाहेर येतात, म्हणजे माहेरवाशिणींनी न संकोचता जेवावं. तेवढा वेळ कोणी आत जायचं नाही, डोकावायचं नाही. पंगतीला माणसं बरीच होती. भय्यासाहेबही शहपुऱ्याहून आले होते, आणि येताना साखळी घेऊन आले होते. कोणी काही ठरवलेलं नव्हतं, पण साखळी खुंटीला लटकत होती आणि जया सकाळपासून तिच्याकडे बघत नव्हती. टॉबीला परसात बांधला होता. मी पानं वाढत होते, सासूबाई सोवळ्यात होत्या, हे पाहुण्यांना पुस्तकातलं ज्ञान सांगत होते. सगळं वाढून झालं, सासूबाईंनी स्वतः दार ओढून कडी घातली, आणि तेवढ्यात जया माझ्या पदराला धरून कानात म्हणाली, “आई, टॉबी नाही आहे.”

मी परसात गेले. दोरी होती, टॉबी नव्हता. मी परत येऊन बंद दारापाशी उभी राहिले आणि आतून आवाज आला, टप, टप, टप. ताई, तो आवाज मी कुठंही ओळखीन. टॉबीची शेपटी जमिनीवर आपटत होती. पानं वाढताना आमची ये-जा चालू होती, तेव्हाच कधीतरी तो आत शिरून महालक्ष्म्यांच्या मागे दडला असणार. पंगतीतली एक सवाष्ण भक्तिभावानं म्हणाली की देवीच्या पैंजणांसारखं काहीतरी ऐकू येतं, आणि सगळ्यांनी हात जोडले. हे जागच्या जागी पांढरे पडले. दार उघडावं तर देवींच्या ताटावरून उठवण्यासारखं, आणि न उघडावं तर आत काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे येऊन राहिलं होतं. मी मनात म्हटलं, शेपटी हलते म्हणजे बसला आहे. बसला आहे म्हणजे अजून कोणी ‘घे’ म्हटलेलं नाही.

आणि नेमक्या सासूबाई दारासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि दरवर्षीप्रमाणे मोठ्यानं आग्रह करू लागल्या. “घ्या माय, लाजू नका. पोटभर घ्या. अजून घ्या.” आतून टप, टप चालूच. यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले, आणि मला कळलं की हे ‘अनेकवचन, अनेकवचन’ म्हणून राहिले आहेत. देवी दोन आहेत म्हणून आम्ही वाचत होतो. पण सासूबाईंची धाकटी लेक बाळंतपणात गेली तेव्हापासून धाकट्या महालक्ष्मीवर त्यांचा जीव अधिक आहे, हे मला ठाऊक होतं. त्या एकदम हळुवार होऊन म्हणाल्या, “अन् तू गं माय, कनिष्ठे, तू...”

शेपटीचा आवाज थांबला. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात जया पुढं झाली, तिनं आजीचा हात धरला आणि स्वच्छ, सावकाश, एक एक शब्द जुळवत म्हणाली, “आजी, देवीला अहो-जाहो करायचं असतं ना?”

सासूबाईंनी डोळे उघडले. नातीकडे बघतच राहिल्या. मला वाटलं सोवळ्यात शिवली म्हणून आता रागावतात. पण त्या म्हणाल्या, हो माय, खरं आहे तुझं, आणि दाराकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही पण घ्या हो, कनिष्ठाबाई.” आतली शेपटी पुन्हा सुरू झाली.

दार उघडलं तेव्हा टॉबी दोन्ही पानांच्या बरोबर मध्ये, उंबऱ्याकडे पाठ करून, ताठ बसला होता. शेपटीनं मागची रांगोळी अर्धी पुसली होती. तोंडातून लाळेची तार छातीपर्यंत लोंबत होती, नजर पुरणपोळीवर, आणि सगळं अंग थरथरत होतं. पण पानावरचं शीतसुद्धा हललं नव्हतं. सासूबाईंनी वाकून वडे बघितले, पुरण बघितलं, आंबिलीच्या वाटीत डोकावून बघितलं. हे वासानं पदार्थाला काही होत नाही याची शास्त्रीय बाजू मांडायला गेले, त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं. शेवटी भय्यासाहेब घसा साफ करून म्हणाले, मग काकू, नेतो मी याला संध्याकाळच्या गाडीनं.

“काहून?” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही लोक मघापासून दाराच्या फटीतून वास घेऊन राहिले. हा पानापुढं बसूनही थांबला. याले काय म्हणून न्यायचं?”

मग त्यांनी फरशी पुसून घेतली, गोमूत्र शिंपडलं, पुन्हा आंघोळ केली (पंगत तोवर उपाशी, भय्यासाहेबांना धीराचा खेळ कोणी शिकवलेला नाही), आणि देवीच्या प्रसादातली एक अख्खी पुरणपोळी, तूप घालून, अंगणात टॉबीच्या वाटीत ठेवली. म्हणाल्या, जेव बाबा. टॉबी बसलेलाच. खा रे, म्हणाल्या. टॉबी बसलेलाच, डोळ्यांत पाणी आणून. मग जयेनं आजीच्या कानात शब्द सांगितला आणि सासूबाईंनी तो उच्चारला. पोळी कुठं गेली ते कोणाला दिसलं नाही. त्या हसता हसता पायरीवरच बसल्या. सोवळ्यातल्या सासूबाईंना अंगणाच्या पायरीवर बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. भय्यासाहेब संध्याकाळी रिकामी साखळी घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच थोडी रडले आणि मग उरलेली आंबील प्यायले. आता जया रोज आजीशी टॉबीविषयी मराठीत भांडते आहे, आणि भांडण ऐकत भाजी चिरायला मला फार बरं वाटतं.

पत्र लांबलं. पायाला शेक देत जा. सर्व वडीलधाऱ्यांस नमस्कार.

तुझी,
शरयू

ता. क. : मार्गशीर्षात तुझ्या नणंदेच्या लग्नाला आम्ही सगळे येतोच आहोत. सासूबाई म्हणतात की टॉबीला मागे ठेवायचं असेल तर त्याही इथंच राहतील. आता त्यांना घरी ठेवून आम्ही आलो तर बरं दिसेल का? बापूसाहेबांना कुत्र्यांचा तिटकारा आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं. त्यांचं जेवण झाल्यावर, सुपारी तोंडात असताना, हे पत्र वाचून दाखव. टॉबी परसात राहील, कोणाला त्रास देणार नाही.

ता. क. आणखी : हा मजकूर वाचून दाखवू नकोस. टॉबीचा धीर सध्या अन्नापुरताच आहे. चामड्याचा धडा पुस्तकात पुढे आहे. हे गेला आठवडा शाळेत लाकडी खडावा घालून जात आहेत आणि विचारलं तर व्रत आहे म्हणून सांगतात. तेव्हा आम्ही असेपर्यंत बापूसाहेबांचे जोडे तेवढे माळ्यावर ठेव.