आमच्याकडे उंदीर नाहीत

३ सप्टेंबर
आज पुन्हा लेंड्या! कोंबड्यांच्या दाण्यात, मूठभर. मी टोपलं बाबांच्या नाकाखाली धरलं. म्हणाले, "कोंबड्या तक्रार करत नाहीत, तुला काय झालंय?" दादा लगेच — "मास्तरीणबाई, आधी उंदरांना हात धुवायला शिकवा!"

कॉलेजात सांगितलेलं मी सगळं सांगितलं. उंदराचं मूत चिखलात, साचलेल्या पाण्यात राहतं, पायाच्या भेगांतून अंगात शिरतं. मग ताप, कावीळ, मूत्रपिंडं बंद. बाबा खुराड्यात अनवाणी जातात, टाचा तर फाटलेल्याच. आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पुस्तकातले उंदीर वेगळे असतील."

घरात शिकणारी मी पहिली. म्हणजे पहिली वेडी.

४ सप्टेंबर
बाबांना रबरी बूट आणून दिले. त्यांनी ते खिळ्याला टांगले. शोभेला!

७ सप्टेंबर
शेजारच्या काकू अंडी न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, अंडी धुऊन घ्या हं, मागे उंदीर—" बाबांनी दंड असा धरला की बोटं उमटली. काकू गेल्यावर म्हणाले, "आख्खी गल्ली आपली अंडी खाते. आमच्याकडे उंदीर नाहीत. कळलं? कुणालाही सांगायचं नाही."

कळलं. उंदरांना तेवढं कळवायचं राहिलं.

१६ सप्टेंबर
बाबांना ताप.

१८ सप्टेंबर
डोळे लालभडक. पोटऱ्या इतक्या दुखतात की चादर लागली तरी बाबा ओरडतात. मी वहीतली यादी काढून पाहिली. एकेक लक्षण जुळत गेलं. बरोबर ठरल्याचा आनंद क्षणभर झाला — हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहू?

दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ उंदीर? साचलेलं पाणी?" बाबा तापातही ताठ झाले. "आमचं घर स्वच्छ आहे." मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "नाही."

रक्त तपासायला घेतलं. औषधं दिली. चिठ्ठीवरचं अक्षर मला लागलं नाही.

आणि आई! भिंतीला टेकून उभी होती. एक शब्द नाही. आयुष्यभर अशीच — बाबा बोलतील ते खरं. मला तिची किळस आली. लिहायला नको होतं, पण आली.

१९ सप्टेंबर
लघवी चहाच्या रंगाची. दादाला म्हटलं, चल, डॉक्टरांना खरं सांगू. म्हणाला, "गल्लीत तोंड दाखवायचंय आपल्याला. औषध चालू आहे ना?"

कशावरचं औषध? मी "नाही" म्हटलं त्यावरचं! मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसणाऱ्याला माफी असते. उद्या एकटी जाते. बाबा पुन्हा कधी बोलले नाहीत तरी चालेल.

२० सप्टेंबर
बाबा सकाळी उठून बसले. पेज प्यायले.

तरी मी दवाखान्यात गेले. दारातच, धापा टाकत सांगितलं — उंदीर आहेत, पुष्कळ आहेत, मी खोटं बोलले. डॉक्टर म्हणाले, "माहीत आहे. परवा संध्याकाळी तुमच्या आई एकट्या चालत आल्या होत्या. तेव्हाच औषध बदललं."

आणखी काय म्हणाली ती, मी विचारलं.

"म्हणाल्या, मुलगी खोटं बोलली म्हणून तिच्यावर रागावू नका. तिला सवय नाही."