देवयानीचा फोटो आणि जिन्यातला दिवा

खाली सही करणारा मी, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्तीचा, आता बंद. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने हे लिहीत आहे. ‘स्वखुशी’ हा शब्द वकिलांचा.

१. राहतं घर गच्चीसह माझ्या एकुलत्या एका मुलीला. गच्ची गळते. तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही, वरच बघत राहिलो.

२. दुकानातली सगळी हत्यारं माझ्या जुन्या कारागिराला. तीस वर्षं त्याने माझा तिरसटपणा सोसला.

३. शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाला काहीही नाही. तारे दिसेनात, तुझ्या गच्चीवरचा फ्लडलाइट काढ म्हणून मी त्याच्या हातापाया पडलो, तर म्हणाला, “दादा, आकाश काय तुझ्या बापाचं आहे?” बाप आमचा एकच होता.

४. दुर्बीण आणि कॅमेरा मुलीला. भंगारात दिले तरी चालतील.

५. देवयानी दीर्घिकेचा मोठा फोटो मुलीच्या बैठकीत लावलेला आहे, तो तिचाच. पण त्याबद्दल तिला सांगायचं राहिलं आहे, आणि तोंडाने मला ते जमलं नाही.

बाळा, आपल्या शेजारची ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागाएवढी दिसते. तिचा फोटो एका दमात येत नाही. दर फोटोला दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून असे दोनशे बारा फोटो तीन हिवाळ्यांत काढून मी एकावर एक जोडले. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून जिन्यातला दिवा लावायला बंदी होती. बंदी माझी. तुझी आई कठडा चाचपत चहा आणायची आणि “काय म्हणते तुमची देवयानी?” म्हणून चिडवायची.

त्या रात्री ती जिन्यात पडली. आवाज मी ऐकला. तिने एकदा हाकही मारली. गच्चीवर पाऊल टाकलं तरी दुर्बीण हलते आणि फोटो वाया जातो. चालू फोटोची साडेसहा मिनिटं उरली होती. ती संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तू विचारलंस, “बाबा, तुम्ही कुठे होतात?” मी म्हणालो, झोपलो होतो. झोपलो नव्हतो. माफी मागायला मला तोंड नाही.

६. ती पडली तेव्हाचा तो एक फोटो वगळून बाकीचे दोनशे अकरा मी पुन्हा जोडले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दुकानातल्या भिंगाखाली दिवसभर पाहिली. तसूभरही फरक नाही.

साक्षीदारांना मजकूर दाखवलेला नाही. सही माझी, माझ्या हातची, एवढ्यालाच ते साक्षी आहेत.

(सही) घड्याळवाला

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे दंतवैद्य (सही)
२. समोरच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ: राहतं घर
दिनांक: ४ डिसेंबर २०२३