आधी आला तो आधी बाहेर

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून कागदावरच घातला.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळे ठीक आहेत. माझं तेवढं विचारू नकोस, मीच सांगतो.

आमच्या साहेबांना इंग्रजी वाक्प्रचारांचा भारी सोस आणि हेड स्टोअरकीपरची जागा त्यांच्याच हातात, म्हणून तू वाक्प्रचार अर्थासकट वहीत उतरवून पाठवलेस. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईचा भाऊ ढ राहावा, हे तुला बघवेना. पण अक्का, बावीस वर्षं मी रंगाच्या डब्यांचं गोदाम सांभाळतोय. जो डबा आधी आला तो आधी बाहेर, नाहीतर मागे राहिलेल्यातला रंग दगड होतो. ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे दर सोमवारच्या मीटिंगला मी वहीतला पुढचा वाक्प्रचार काढायचो आणि वापरला की खूण करायचो. प्रसंगही बघायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. (कोण कुठली भिंत रंगवणार, हे आम्ही गोदामात विचारत नाही.)

छत गळून शंभर डबे भिजले, त्या सोमवारी पाळी ‘पीस ऑफ केक’ची होती, म्हणजे हातचा मळ. साहेबांना वाटलं, गडी हिमतीचा आहे. टायपिस्ट बाई आजारी आईला भेटायला रजा मागत होत्या, तेव्हा मी ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणालो, म्हणजे क्वचित कधीतरी. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गेल्या सोमवारी साहेबांनी आपली बदली झाल्याचं सांगितलं. आवाज जड झाला होता. मी उठून म्हणालो, “बेटर लेट दॅन नेव्हर.” उशिरा का होईना, झालं ते बरं झालं. अर्थ मला पाठ होता, पण आठवला तो बोलून झाल्यावर.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी वही पुढे ठेवली, खुणा दाखवल्या, सगळं कबूल केलं. म्हटलं, बढती राहिली बाजूला, आता आहे ती खुर्चीही जाणार. साहेब खुणा बघत राहिले आणि मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले, हसून हसून. म्हणाले, “क्रम न मोडणारा माणूस या गोदामात पहिल्यांदाच पाहिला. जागा तुमचीच.”

मला भरून आलं. एवढा भला माणूस जातोय याचं खरंच वाईट वाटलं, आणि ते सांगायला माझ्याकडे एकही वाक्प्रचार नव्हता.

तुझा आज्ञाधारक (तेच तर नडलं),
धाकटा

ता. क. : शुक्रवारी साहेबांचा निरोप समारंभ आहे. भाषण मी करायचं, त्यात पुढचा वाक्प्रचार हवाच आणि क्रम मोडायचा नाही, अशी त्यांची अट आहे. बढतीच्या कागदावर सही भाषणानंतर होईल. पुढचं पान त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलं. ‘गुड रिडन्स’, म्हणजे ब्याद टळली.

पुन्हा ता. क. : नवीन वाक्प्रचार पाठवून उपयोग नाही, तो रांगेत शेवटी लागेल. पण माल चुकून आला असं पाठवणाऱ्यानेच कळवलं, तर तो पाळी नसतानाही परत करता येतो, असा आमचा नियम आहे. तेवढं दोन ओळींचं पत्र शुक्रवारच्या आत टाक. खाली सही करून ‘पुरवठादार’ असं लिही.

शेवटचा ता. क. : त्याच्या पुढचाही आत्ताच पाहिला. तोही परत मागव.