बटणीचा हिवाळा

२० सप्टेंबर, दुपार

प्रिय धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. मेहुण्यांची कंबर कशी आहे? ऑपरेशनला चार वर्षं होत आली तरी जड बादल्या उचलतात असं कळलं. त्यांना म्हणावं, कंबर एकच मिळते. माझा गुडघा आहे तसाच आहे, पाऊस यायच्या आधी वर्दी देतो एवढाच त्याचा उपयोग. तबेल्यात सध्या अकरा घोडे आहेत. मालकीणबाईंनी एक नवा पांढरा आणलाय. दिसायला राजबिंडा, पण कागदाच्या कपट्यालाही घाबरतो. परवा वाऱ्याने माझी टोपी उडाली, तर हा पठ्ठ्या मला फरफटत थेट कुंपणापर्यंत घेऊन गेला. शिकायला आलेली मुलं पोट धरून हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

तू म्हणशील, दादाला आज पत्राची हुक्की कशी आली, फोन का नाही केला. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्या गप्पा काढतो आणि ठेवून देतो. चार वर्षं हेच चाललंय. तू सुज्ञ, तुझ्या ते लक्षात आलं असेलच.

गेल्या रविवारी तुझी लेक आली होती, कॉलेजच्या वसतिगृहातून दोन बस बदलून. थोडी वाळली आहे, पण बोलणं तुझ्यासारखंच, एका दमात. जनावरांची डॉक्टर होणार ना, म्हणून आल्या आल्या चार घोड्यांचे दात पाहिले आणि मग माझा गुडघा दाबून पाहिला. म्हणाली, "मामा, घोडा असतात तर तुम्हाला निवृत्त केलं असतं." आम्ही चहा घेतला. बोलता बोलता तिने सांगितलं की तू तुझी दोन्ही तट्टं देऊन टाकलीस. मांजरालासुद्धा उंबऱ्याच्या आत घेत नाहीस म्हणे.

"आणि रोज झोपायच्या आधी दोनदा जाऊन गोठ्याची कडी बघते," ती म्हणाली. "आत काहीही नाहीये, मामा. रिकाम्या गोठ्याची कडी."

मी कप विसळायला उठलो.

बाहेर आलो तर वायरमन शिडीवर चढून दिवे बसवत होता. सप्टेंबर आला की आम्ही दरवर्षी प्रत्येक ठाणावर, म्हणजे घोडा उभा राहतो त्या जागेवर, एक मोठा दिवा लावतो. तुझ्या लेकीने विचारलं, हे कशाला? तिला जे सांगितलं ते तुलाही सांगतो, कारण ते मी तुला कधी सांगितलंच नाही.

घोड्याच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस येतात ते थंडी वाजते म्हणून नाही. दिवस आखडू लागला की ते त्याच्या डोळ्यांना कळतं आणि थंडीला दोन महिने असतानाच अंग तयारीला लागतं. आता आमच्या मालकीणबाईंना हिवाळ्यातल्या स्पर्धांसाठी घोडे तुकतुकीत लागतात. केसाळ घोडा घामाने भिजतो आणि लवकर वाळत नाही. म्हणून अंधार पडल्यावरही आम्ही दिवे जळत ठेवतो आणि सोळा तासांचा दिवस करतो. घोड्याला वाटतं, उन्हाळाच चाललाय. केस आखूडच राहतात. त्याच्या बदल्यात सबंध हिवाळाभर आम्ही त्याला जाड झूल घालतो. झूल असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

तिने पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग केसांच्या उलट फिरवला.

"मामा, बटणी कुठल्या ठाणावर असायची?"

मी तिसरं दाखवलं. वर दिवा होताच.

"आणि तिची झूल कुठेय?"

धाकटे, साठीला आलेला मी माणूस, भाचीसमोर मला मान वर करता येईना. कारण झूल तिथेच होती, ठाणाशेजारच्या खुंटीवर.

आता सगळं लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा सुरू करायचा नाही. त्या हिवाळ्यात बटणी अठरा वर्षांची झाली होती आणि मागच्या पायाने लंगडत होती. बाई म्हणाल्या, आठवड्याच्या आत हिची सोय कर, नाहीतर खाटकाची गाडी बोलावते. बारा वर्षं मी तिला चारलं होतं. नाकावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यावरून तिला बटणी नाव मीच दिलं होतं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "दादा, यांचं ऑपरेशन झालंय, सगळं माझ्या एकटीवर आहे. नुसती चरायला सोडून भागत असेल तर पाठव, जास्तीचं काही माझ्याने होणार नाही." मी म्हणालो, काही करावं लागत नाही तिचं, सोडली की चरते.

झूल मागितली असती तर बाईंनी दिली असती. पण झूल पाठवली असती तर तू विचारलं असतंस, ही कशाला? मग ती रोज घालायची, ओली झाली की वाळवायची, वारा सुटला की घोडी आत बांधायची, हे सगळं आलं असतं. तू नाही म्हणाली असतीस. म्हणून मी ती खुंटीवरच राहू दिली आणि तुमच्या त्या उंच, उघड्या माळावर ऐन थंडीत बटणीला तशीच ट्रकमध्ये चढवली. आठवणीने केलं, विसरलो नाही.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला होता. आठवतो? "हिचे केस एवढे आखूड कसे रे? माझी तट्टं तर अस्वलं झालीत." मी हसलो. म्हणालो, शहरातली नटवी आहे ती, आठवड्याभरात येतील केस. केस येणार नव्हते हे मला ठाऊक होतं. त्यांची वेळ टळून गेली होती. तरी वाटायचं, महिनाभर बरं ऊन पडलं तर निभेल.

नवव्या दिवशी तू मेहुण्यांना टाके काढायला घेऊन गेलीस आणि पावसाने रस्ता बंद झाला म्हणून तिकडेच अडकलीस. सकाळी येऊन पाहिलंस तर बटणी कुंपणाला लागून पडलेली. तू मला तीन पानांचं पत्र लिहिलंस. निघताना जनावरं आत घेतली नाहीत, गोठ्याची कडी घातली नाही, तुझं जनावर मी मारलं, दादा मला माफ कर. त्यात तूच लिहिलं होतंस की दोन्ही तट्टं मात्र शेजारीच गवत खात उभी होती.

तोच पाऊस, तोच वारा. त्यांनी आपला हिवाळा वेळेवर अंगावर वाढवला होता. बटणीला तो मी वाढवू दिला नाही. कुडकुडून जेवढी ऊब निर्माण करता येते तेवढी तिने केली असेल. तिच्या हातात तेवढंच होतं. ती रात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसऱ्या कुठल्याही घोड्याला खरारा करताना माझा हात तिच्याच पाठीवर असतो.

आणि मी तुला काय उत्तर पाठवलं? "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. तुला माफ केलं." वर मोठेपणा. तुझी माफी मी खुशाल खिशात घातली आणि कोणी विचारलं तर सांगत राहिलो, धाकटीला जनावरांचं तितकंसं कळत नाही. हेही मी बोललो आहे. लहानपणी पंख मोडलेली चिमणी आपल्या पांघरुणात घेऊन झोपणारी तू, आणि मी हे बोललो.

तुझ्या लेकीला बसपर्यंत सोडायला गेलो. ती एवढंच म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. तुम्ही सांगा." बस सुटली तेव्हा तिने हात केला नाही. ती आली नसती तर हे पत्र मी लिहिलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. दिवेही या वर्षी लागलेच. बाईंना नाही म्हणायची छाती माझ्यात नाही, तेव्हाही नव्हती.

तुझं ते तीन पानांचं पत्र सोबत परत पाठवतो. घड्यांवर फाटलंय, जपून उघड. ते लिहायचं होतं मी, लिहिलंस तू. मला उत्तर देऊ नकोस, फोनही करू नकोस, मनाला येईल तेव्हाच बघ. फक्त आज झोपायच्या आधी उठू नकोस. कडी तू घातली असतीस तरी त्या थंडीत ती घोडी फार दिवस टिकली नसती. तुझ्या हातून काहीही उघडं राहिलेलं नव्हतं.

माफी मागायची सोडून ती तुलाच देऊन बसलेला,
तुझा दादा