आमच्या फियाटच्या सुट्या भागांची वाटणी

त्या सकाळी नळाला पाणी सहाला आले. मी दोन पिंपे भरली, दूध तापवले, उंबरा पुसला. खंडेनवमी होती, म्हणून यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली. पाने, पकड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर रॉकेलने पुसले, तेलाचा हात दिला, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. विळीही पूजेत गेली, त्यामुळे गवार हाताने मोडली. मग खाली जाऊन गाडी धुतली, बॉनेट उघडून जिथे तेल कमी दिसले तिथे भरले, झेंडूची माळ घातली आणि वर येऊन कुकर लावला.

ही २००५ सालची गोष्ट. मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत हे मला माहीत आहे. वाचनालयातून कायद्याचे पुस्तक आणून मी तीन नमुने वाचले आहेत. पण त्या सकाळची कामे पुढे आठव्या कलमात लागणार आहेत, म्हणून आधी नोंदवली. आता रीतसर लिहिते.

मी, मालन वैजनाथ उजळंबे, वय बासष्ट, राहणार बिबवेवाडी, पुणे, शिक्षण शाळेत चौथीपर्यंत व घरी अजून चालू, हे स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो देताना त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच आहे, हेही सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बिबवेवाडीचे दोन खोल्यांचे घर माझा एकुलता मुलगा तेजस याला द्यावे. खडकीचे क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा मी दोन दिवस रडले होते. तेजसला हे घर विकायचे झाल्यास त्याने खुशाल विकावे. रडण्याचे काम मी आधीच उरकले आहे.

कलम २. बँकेतली ठेव नात सोनू हिच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिचे तिने ठरवावे. दागिने सून तनुजा हिचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तनुजानेच करावी, कारण माझ्यानंतर या घरात कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी तीच आहे.

कलम ३. वाचनालयाचे एक पुस्तक १९९४ पासून माझ्याकडे आहे. ते परत करावे. आधी मी वारल्याचे सांगावे, मग पुस्तक पुढे करावे.

कलम ४. आता गाडी. माझे यजमान वैजनाथ उदगीरकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. १९८९ साली निवृत्त होणाऱ्या एका लष्करी साहेबांकडून त्यांनी ही फियाट घेतली, १९७८ची, साईच्या रंगाची. पुढे कारखान्यातल्या लोकांनी एकेक करून नव्या छोट्या गाड्या घेतल्या. एकजण घरी येऊन म्हणाले, "वैजनाथराव, आता तरी बदला. हल्ली बँक घरी येऊन कर्ज देते." हे म्हणाले, "बँक घरी येते हो. गाडी बंद पडली की तीच बँक ढकलायला येते का?"

दर रविवारी हे गाडीखाली निजायचे आणि मी बाजूला पाट टाकून बसायची. "बारा-तेरा दे," म्हटले की बारा-तेराचा पाना द्यायचा. आत काय आहे असे मी विचारले की म्हणायचे, "अगं, सांगण्यासारखं नाही ते, बघण्यासारखं आहे." पण गाडीखाली जागा एकाचीच होती. २००१च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतर गाडी तेजस चालवायचा. खंडेनवमीची पूजा मी चालू ठेवली, ते करायचे तशी, जेवढी मी बाहेरून पाहिली होती तेवढी.

कलम ५. त्या खंडेनवमीनंतर अठराव्या दिवशी, शनिवारी, तेजस गाडी घेऊन निघाला आणि बिबवेवाडीच्या उतारावर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर मागून आदळला. त्याचा डावा पाय दोन जागी मोडला. दुसऱ्या कोणाला काही झाले नाही. गाडीचे तोंड पार आत गेले.

दवाखान्यात माझे दीर सुखदेव भावजी पलंगाशी उभे राहून म्हणाले, "दादाची एवढी एकच खूण राहिली होती. तीपण फोनवर बोलत बोलत संपवलीस, शाब्बास!"

ते गेल्यावर तेजस मला म्हणाला, "आई, फोन वाजला होता. उचलला नाही गं मी, नुसता बघितला. मग ब्रेक मारला तर पाय पार खाली गेला. ब्रेक समजून क्लचच दाबला असणार मी."

त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. संगणकावर अमेरिकेतल्या कंपन्यांची कामे करतो, पण स्वतःची गाडी बायकोकडून चालवून घेतो आणि मांडीवर बॅग घेऊन शेजारी बसतो. दर रविवारी दहा वाजता मात्र माझ्याकडे येतो. औषधे आणतो, भाजी आणतो, न गेलेले बल्ब बदलतो. पाय बरा झाल्यापासून एक रविवार चुकला नाही. अपघाताच्या आधी तो इतका येत नसे.

कलम ६. अपघातानंतर भंगारवाला आला. म्हणाला, "मावशी, यात आता काही राहिलं नाही." काय राहिले नाही, हे मला बघायचे होते. मी त्याला परत पाठवले आणि गाडी इमारतीच्या मागे ठेवून घेतली. अप्पा बळवंत चौकातून गाडी दुरुस्तीचे जुने इंग्रजी पुस्तक आणले. शब्दकोश शेजारी ठेवून रोज दीड पान वाचायची आणि वाचले तेवढे खोलायची. दोन वर्षे लागली. सोसायटीचे सेक्रेटरी रोज जिन्यात विचारायचे, "काय आजी, गॅरेज कधी उघडताय?" मी सांगितले, "तुमची स्कूटर सकाळी एका लाथेत सुरू झाली की मुहूर्त समजा."

मला कोणी विचारले नाही, पण लिहून ठेवते. इंजिन उघडल्यावर आत सिलिंडरच्या चार स्वच्छ, गुळगुळीत विहिरी दिसल्या. यांनी इतकी वर्षे हे एकट्याने पाहिले, याचा मला थोडा रागच आला. त्या दिवशी मी यांच्यासाठी रडले नाही. यांच्याशी भांडले.

कलम ७. गाडीचे जे भाग घरात आहेत ते असे. मागची सीट बाहेरच्या खोलीत आहे. ती सोनूची, कारण ती तिच्यावर उड्या मारते आणि स्प्रिंगा अजून शाबूत आहेत. पुढचा एक दिवा बॅटरीवर लावून मी लोडशेडिंगमध्ये वाचत असे, तो तनुजाचा. चालकाचा आरसा ओट्यावर खिडकीपाशी बसवला आहे. भाकरी थापताना फाटकातून कोण येते ते पाठमोरीला दिसते. तो काढू नये, घर विकले तरी तिथेच राहू द्यावा. हॉर्न सेक्रेटरींना. यांचे पाने या यादीत नाहीत. ते मी आज गॅरेजवाल्या सोनबा मेस्त्रींच्या हातात दिले, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असे म्हणतात.

कलम ८. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे काचेच्या दोन बाटल्या आहेत. त्या तेजसच्या.

गाडी खोलताना ब्रेकच्या नळकांड्यातून रबराच्या दोन छोट्या टोप्या निघाल्या. पायाने दाब दिला की या टोप्या आतले ब्रेकचे तेल पुढे ढकलतात आणि चाक थांबते. पुस्तकातल्या चित्रात त्या ताठ होत्या. माझ्या हातात आल्या त्या रात्रभर भिजलेल्या वाटाण्यासारख्या, फुगलेल्या आणि मऊ. एक तर फाटलेलीच होती. मी त्या कागदात बांधून सोनबा मेस्त्रींच्या गॅरेजवर नेल्या. हे त्यांच्याकडूनच सुटे भाग घेत.

मेस्त्रींनी टोपी बोटांत दाबली, हुंगली. म्हणाले, "आई, ह्यात मशिनीचं तेल घातलंय कुनीतरी. ब्रेकचं तेल येगळं असतंय. ह्यानं रबर फुगतं, फाटतं, मग पाय दाबला तरी गाडी थांबत न्हाई. कुनी घातलं त्याला येरवड्याला धाडा."

मी म्हटले, "सांगते त्याला."

तरी माझा विश्वास बसेना. मी दोन नव्या टोप्या आणल्या, दोन बाटल्या घेतल्या. एकीत ब्रेकचे खरे तेल, दुसरीत माझ्या शिवणयंत्राचे. दोन्हींत एकेक टोपी टाकून, बाहेर तारीख लिहून फळीवर ठेवल्या आणि रोज दुधाच्या वेळी पाहिल्या. आठव्या दिवशी दुसरीतली फुगू लागली. अठराव्या दिवशी ती बाटलीच्या तोंडातून बाहेर निघेना. पहिलीतली आजही जशीच्या तशी आहे.

त्या खंडेनवमीला बॉनेटखालची छोटी बाटली मला अर्धी रिकामी दिसली होती. सणाच्या दिवशी काही अपुरे ठेवू नये म्हणून मी ती शिवणयंत्राच्या तेलाने काठोकाठ भरली आणि तिला कुंकू लावले. हे त्या बाटलीत काहीतरी ओततात एवढे मी पाहिले होते. काय ओततात ते विचारले नव्हते.

तेजस, तू क्लच दाबला नव्हतास. ब्रेकच दाबला होतास. तो मी बिघडवला होता.

हे मला २००७ साली कळले. चार वर्षे मी तुला सांगितले नाही. भीती पोलिसांची नव्हती, तुझ्या रागाचीही नव्हती. तू दर रविवारी येतोस तो माझे काही देणे लागतोस असे समजून येतोस, हे मला दिसत होते. देणे फिटले तर येणे थांबेल असे वाटले. एका बाजूला तुझे गाडी चालवणे होते आणि दुसऱ्या बाजूला माझे रविवार. मी रविवार ठेवले. हे बरोबर केले नाही.

कलम ९. सुखदेव भावजींना मी काही ठेवत नाही. फक्त आठव्या कलमाची एक नक्कल द्यावी, आणि ती त्यांनी दवाखान्यात लावला होता त्याच आवाजात सगळ्यांसमोर वाचावी. त्यांना स्वतःला सायकलवरून उतरायला अजून फुटपाथ लागतो, हे मी इथे लिहिणार नव्हते.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. तशी गरज नसते असे पुस्तकात आहे, पण आपण कशाखाली सही करतो ते माणसाला कळलेले बरे. त्यांच्यादेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी.

सही: मालन वैजनाथ उजळंबे

साक्षीदार:
१. सोनबा गेनबा चोरघे, मोटार मेस्त्री
२. जया दिगंबर कुदळे, शेजारी

ठिकाण: बिबवेवाडी, पुणे
शनिवार, दि. १५ ऑक्टोबर २०११

पुढच्या ओळी मृत्युपत्राचा भाग नाहीत, म्हणून त्यांना साक्षीदार नाहीत.

सही झाल्यावर सोनबा मेस्त्रींनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "म्हंजी येरवड्याला तुमालाच धाडायचं हुतं व्हय, आई!" आणि यांची पानांची पेटी उचलून गेले. जया थांबली. तिने कपबशा विसळल्या. पाठ करूनच म्हणाली, "काकू, तुमची तब्येत चांगली ठणठणीत आहे. अजून वीस वर्षं जगाल. तोवर त्याने मांडीवर बॅग घेऊनच बसायचं का?"



दुसऱ्या दिवशी रविवार होता. तेजस दहाला यायच्या आधी मीच सकाळची पहिली बस धरली, दोन्ही बाटल्या पिशवीत उभ्या धरून वाकडला त्याच्या घरी गेले आणि आठवे कलम त्याला वाचून दाखवले.